ब्लोअर लावायचा ठरलाय, पण गरम हवेचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा: ह्यूस्टनला राहणाऱ्या एका वाचकाकडे १९६९ ची शेव्हरोलेट कॅमारो आहे, ३५० क्युबिक इंचांच्या व्ही-८ ची. त्यावर बॉनेटमधून डोकं बाहेर काढणारा ६-७१ रूट्स ब्लोअर (इंजिनाच्याच ताकदीवर फिरून त्यात जास्तीची हवा कोंबणारा पंप, म्हणजे सुपरचार्जर), वर हवेत पेट्रोल मिसळणारे दोन कार्ब्युरेटर आणि ८ पौंड बूस्ट (चौरस इंचाला ८ पौंड जादा दाब) असा त्यांचा बेत आहे. एक मेकॅनिक म्हणतो, कार्ब्युरेटर असेल तर इंटरकूलर, म्हणजे दाबून तापलेली हवा निववणारा कूलर, लागतच नाही. दुसरा म्हणतो, पाण्यावर चालणारा इंटरकूलर लावा. मेहुणा म्हणतो, मिथेनॉलचा फवारा मारा, विषय संपला. गाडी रविवारी फिरवायची आणि वर्षातून दोनदा ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे पाव मैलाच्या सरळ शर्यतीला, न्यायची. तर कोणाचं ऐकावं?

नमस्कार. तिघांचंही थोडं थोडं ऐका, पण तिघांपैकी कोणीच तुम्हाला एक गोष्ट विचारलेली दिसत नाही: ही उष्णता गाडीबाहेर नक्की कुठून जाणार? मी मिशिगनमध्ये बावीस वर्षं आहे. दिवसा इंजिन टेस्टिंग करतो आणि शनिवार-रविवार लोकांच्या जुन्या शेव्ही (शेव्हरोलेट), मोपार (क्रायस्लर घराण्यातल्या), मस्टँग घेऊन गॅरेजमध्ये पडलेला असतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांमध्ये कूलर उत्तम असतो, महागडा असतो आणि तो बिचारा गरम पाणी गोल गोल फिरवत बसलेला असतो.

आधी उष्णता किती ते बघू. लहानपणी सायकलला पंप मारताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका द्यायचं, आठवतंय? तीच गोष्ट इथे मिनिटाला काही हजार वेळा होते. ह्यूस्टनच्या ३८ अंशांत आत घेतलेली हवा ८ पौंड बूस्टपर्यंत दाबली, तर अगदी आदर्श यंत्रातसुद्धा ती सुमारे ४१ अंशांनी तापते. हे भौतिकशास्त्र आहे, इथे घासाघीस नाही. पण कुठलाही ब्लोअर आदर्श नसतो. जुन्या धाटणीचा रूट्स साधारण ५५ टक्के कार्यक्षम धरला, तर तापमानवाढ ४१ ची ७५ होते आणि हवा ११३ अंशांवर बाहेर पडते. म्हणजे उकळत्या पाण्याच्या वर. चांगला सेंट्रिफ्युगल (वेगाने फिरणाऱ्या चक्राने हवा भिरकावून दाबणारा ब्लोअर) असेल तर तीच हवा ९५ च्या आसपास.

रूट्स एवढा का तापवतो? कारण तो आत हवा दाबतच नाही. घमेल्याने माती उचलून पलीकडे टाकावी तशी तो हवा टाकतो. पलीकडे मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत) आधीच गर्दी असते, तिथली दाबलेली हवा उलटी रोटरमध्ये (ब्लोअरच्या फिरत्या पाकळ्यांत) घुसते, मग रोटर तिला पुन्हा पलीकडे ढकलतो. या झटापटीत जी ताकद वाया जाते तिची उष्णता होते. ट्विन-स्क्रू ब्लोअरमध्ये, म्हणजे एकमेकांत फिरणाऱ्या दोन मळसूत्रांच्या ब्लोअरमध्ये, हवा पुढे सरकता सरकता आतच आवळली जाते, म्हणून तो कमी तापतो. रूट्स बंधूंनी १८६० साली इंडियानात या यंत्राचं पेटंट घेतलं तेव्हा मोटारगाडी जन्मालाही आली नव्हती. तुमचा ६-७१ तर मुळात डेट्रॉईट डिझेलच्या टू-स्ट्रोक इंजिनाचा: सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ क्युबिक इंच, म्हणून ६-७१. ट्रकच्या आणि बोटीच्या डिझेलमध्ये ताजी हवा ढकलून जळका धूर बाहेर काढायला बसवलेला पंखा तो. जुन्या गाड्या जोरदार करणाऱ्या हॉट रॉडवाल्यांनी भंगारातून उचलून पेट्रोल इंजिनावर चढवला आणि तो या छंदाचं बोधचिन्ह होऊन बसला. दिसायला त्याच्यासारखं काही नाही, हे मीही मान्य करतो.

आता तुमचा पहिला मेकॅनिक. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. कार्ब्युरेटर ब्लोअरच्या वर असला की पेट्रोल आधी पडतं, मग हवेबरोबर रोटरमधून जातं. तिथल्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते उष्णता ओढून घेतं. बूस्टमध्ये आपण पेट्रोल जरा सढळ हाताने देतो, साडेबारा भाग हवेला एक भाग. त्यातलं सगळं पेट्रोल वाफ झालं असं मानलं तर हवा सुमारे २८ अंशांनी निवते. प्रत्यक्षात सगळं होत नाही, पण ११३ चे ९० तरी होतात. पेट्रोलच तुमचा इंटरकूलर झाला, तोही फुकट. अल्कोहोलवर धावणाऱ्या ड्रॅग गाड्यांच्या ब्लोअरखाली कूलर नसतो तो याच कारणाने. मिथेनॉल पेट्रोलच्या तिप्पट उष्णता ओढतं, शिवाय ते जाळायलाही दुपटीहून जास्त लागतं. स्टार्ट लाइनवर अशा गाडीच्या मॅनिफोल्डला हात लावून बघा, फ्रिजमधून काढल्यासारखं गार असतं.

पण याच कारणासाठी ६-७१ च्या खाली कूलरची प्लेट बसवायला मी तुम्हाला सांगणार नाही. बाजारात अशा प्लेटा मिळतात. पोर्ट इंजेक्शन असेल, म्हणजे पेट्रोल थेट वाल्व्हच्या तोंडाशी पडत असेल, तर त्या छान चालतात, कारण तेव्हा कूलरमधून नुसती हवा जाते. तुमच्या बेतात मात्र हवा आणि पेट्रोल एकत्र जाणार. गार पंख्यांवर पेट्रोलचे थेंब पुन्हा जमतात, खाली ओघळतात, एका सिलिंडरला पाजून दुसऱ्याला उपाशी ठेवतात. उपाशी सिलिंडर नॉक करतो, म्हणजे त्यातलं मिश्रण आपोआप भडकून ठोके बसतात, आणि आधी त्याचा पिस्टन जातो. वर बॅकफायर झाला तर ब्लोअरखाली पेटणाऱ्या मिश्रणाचा मोठा साठा. जादा दाब बाहेर सोडणारी पॉप-ऑफ झडप असली तरी मला ते नको. शिवाय प्लेट घातली की ब्लोअर तेवढा वर जातो. पट्ट्याची लांबी बदलते, कार्ब्युरेटर आणखी उंच होतात आणि तुम्ही गाडी चालवताना मान बाजूला काढून रस्ता बघता. नाकापेक्षा मोती जड.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण तिच्यावरून माझे दोन ग्राहक माझ्याशी भांडलेत.

रूट्स किंवा ट्विन-स्क्रूखाली कूलर बसवला की बूस्टचा काटा खाली येतो. आठ होता, साडेपाच झाला. मालक फोन करतो, "काका, तुमच्या कूलरने बूस्ट खाल्ला!" खाल्लेला नाही. असा ब्लोअर प्रत्येक फेऱ्याला ठरलेली हवा उचलतो. पुलीचं माप तेच, फेरे तेच, म्हणजे आत जाणारी हवा वजनाने जवळपास तेवढीच. फक्त ती गार झाल्यामुळे आकसली आणि मॅनिफोल्डमधली गर्दी कमी झाली. काटा गर्दी मोजतो, हवा मोजत नाही. तेवढीच हवा कमी दाबावर, कमी तापमानाला सिलिंडरमध्ये गेली, ब्लोअर फिरवायला ताकदही कमी लागली. नुसतं एवढ्यावर थांबलात तरी इंजिन सुखात राहतं आणि टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) दोन अंश पुढे घेता येतं. खरी वाढ हवी असेल तर ब्लोअरची वरची पुली एक माप लहान करायची. मग काटा पुन्हा आठवर येतो आणि या वेळच्या आठ पौंडांत १५ टक्क्यांच्या आसपास जास्त हवा असते, कारण ती ११३ ऐवजी ६०-६५ अंशांवर आहे. सेंट्रिफ्युगलचं गणित वेगळं असतं, तिथे काटा इतका पडत नाही. म्हणून बूस्टचा काटा एकटा कधी वाचू नका. त्याच्या शेजारी मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान दाखवणारा काटा लावा, कूलरच्या पलीकडे, उघड्या टोकाचा सेन्सर. एअर फिल्टरपाशी लावलेला सेन्सर तुम्हाला फक्त ह्यूस्टनचं हवामान सांगेल.

आता पद्धतींकडे येऊ.

हवेने हवा गार करायची पद्धत सगळ्यात सरळ. पुढे जाळीमागे कूलर, त्यातून दाबलेली हवा, बाहेरून वारा. पंप नाही, पाणी नाही, वायरिंग नाही. पण ब्लोअरमधून निघालेली हवा पाइपने पुढे न्यायची, कूलरमधून फिरवायची आणि परत इंजिनाच्या डोक्यावर आणायची, त्यामुळे ही पद्धत सेंट्रिफ्युगललाच शोभते. इंजिनाच्या खोबणीत बसलेल्या रूट्सच्या हवेला फिरायला न्यायचं तर पाइपांचं जंगल होतं. सेंट्रिफ्युगलबरोबर कार्ब्युरेटरही चालतो, फक्त मग तो कूलरच्या पलीकडे असतो आणि हवा त्यात फुंकली जाते. त्यासाठी फ्लोट (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा) भरीव हवा, पितळी पोकळ फ्लोट बूस्टखाली चेपतो. पेट्रोलचा दाब बूस्टबरोबर पौंडाला पौंड वाढवणारा रेग्युलेटर लागतो, नाहीतर ऐन जोरात कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल पोचतच नाही. ते झालं नाही म्हणून जळलेले पिस्टन मी पेपरवेट म्हणून वापरतो.

आकड्यात बोलायचं तर ९५ अंशांची हवा, बाहेर ३८, कूलर ७० टक्के कार्यक्षम, तर ५५ वर बाहेर. दाब एक पौंडापेक्षा जास्त घटला तर कूलर लहान आहे किंवा पाइपांना फार वळणं आहेत. कॅमारोत अडचण जागेची असते. रेडिएटर सपोर्टच्या पुढे, बरोबर मधोमध बॉनेटच्या खटक्याचा उभा खांब असतो. लोक तो कापतात आणि मग बॉनेट वाऱ्याने थरथरतं. कापायचाच असेल तर पर्यायी आधार आधी वेल्ड करा. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये इंजिनाच्या दोन्ही बाजूंना शॉक टॉवर असल्यामुळे पाइप न्यायलाच जागा नसते. आणि कूलर कुठलाही असो, त्याच्या चारही कडा आणि रेडिएटर यांच्या मधली फट फोमच्या पट्टीने बंद करा. वाऱ्याला आडवाट मिळाली की तो कूलरमधून जात नाही, बाजूने पळतो. वीस डॉलरच्या पट्टीने जे होतं ते कधी कधी पाचशे डॉलरचा मोठा कूलर घेऊन होत नाही.

पाण्याची पद्धत म्हणजे दोन टप्पे. ब्लोअरखाली छोटा कूलर, त्यात हवेची उष्णता पाणी घेतं. पंप ते पाणी पुढे जाळीमागच्या दुसऱ्या रेडिएटरकडे नेतो, तिथे ते वाऱ्याला देतं. इंजिनाच्या पाण्याशी याचा काही संबंध नाही, वेगळं चक्र, वेगळी टाकी. कल्पना नवी नाही. दुसऱ्या महायुद्धात आमच्या डेट्रॉईटमध्येच पॅकार्ड कंपनी रोल्स-रॉइसची मर्लिन इंजिनं बनवत होती. त्यातल्या दोन टप्प्यांच्या सुपरचार्जरला असाच स्वतंत्र पाण्याचा कूलर होता आणि ते इंजिन ज्या विमानात बसलं त्याचं नावही मस्टँगच होतं. मोटारीत २००३ च्या कोब्रा मस्टँगने, २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर-१ ने आणि पुढे २०१५ च्या हेलकॅटने ही पद्धत कारखान्यातूनच दिली. आजचे ईटन कंपनीचे चार पाकळ्यांचे रोटर किंवा ट्विन-स्क्रू घेतले तर कूलर ब्लोअरच्या पोटातच येतो आणि सगळा डोलारा कधी कधी कॅमारोच्या उंच बॉनेटखाली मावतो.

यात मार खातो तो पुढचा भाग. पाचशे हॉर्सपॉवरच्या इंजिनात पूर्ण जोरात मिनिटाला साधारण २३ किलो हवा जाते. ती ५० अंशांनी निववायची तर १९ किलोवॉट उष्णता काढावी लागते. घरातले आठ-दहा गीझर एकदम चालू केल्यासारखं समजा. ही उष्णता उचलायला पाणी मिनिटाला २५ लिटर फिरत असेल तर एका फेरीत पाणी ११ अंशांनी तापतं. ठीक आहे. पण पाणी मिनिटाला साडेसहा लिटरच फिरत असेल तर?

दोन वर्षांपूर्वी एकाने १९७० ची शेव्हरोलेट शेव्हेल आणली. ट्विन-स्क्रू, इंजेक्शन, सगळं दुसरीकडून बसवून आलेलं, काम दिसायला दागिन्यासारखं. तक्रार अशी की वूडवर्डवर गाडी मरगळते. वूडवर्ड ॲव्हेन्यू म्हणजे आमच्याकडचा तो प्रसिद्ध रस्ता. १९९५ पासून दर ऑगस्टमध्ये तिथे जुन्या गाड्यांची जत्रा भरते आणि जत्रेतल्यासारखंच सगळे मुंगीच्या पावलाने सरकतात. मी त्याच्या पुढच्या रेडिएटरची परतीची नळी काढून पाच गॅलनच्या बादलीत सोडली, पंप चालू केला आणि घड्याळ लावलं. पाच गॅलन म्हणजे १९ लिटर. चांगल्या चक्रात बादली पाऊण मिनिटात भरते. ही भरायला जवळजवळ तीन मिनिटं लागली. मालक आधी हसत होता, दुसऱ्या मिनिटाला गप्प झाला.

पंप चांगला होता. पण तो टाकीच्या वर बसवलेला, त्यामुळे हवा त्याच्या डोक्यात अडकून राहायची. असले पंप पाणी ढकलतात, ओढत नाहीत. चक्रात नव्वद अंशांची चार वळणं होती आणि त्यातल्या दोन पितळी एल्बोंचं भोक पेन्सिलीएवढं. बाहेरून नळी पाऊण इंची, आत गळा आवळलेला. पंप टाकीच्या खाली आणला, एल्बो काढून पूर्ण भोकाची सैल वळणं दिली, टाकी चक्रातली सगळ्यात उंच जागा केली म्हणजे हवा आपोआप वर निघून जाईल. बादली पन्नास सेकंदांत भरली. हवेचं तापमान वीसहून जास्त अंशांनी उतरलं आणि कूलरला कोणी हातही लावला नव्हता. तेव्हापासून माझ्याकडे पाण्याचा इंटरकूलर असलेली गाडी आली की आधी बादली, मग बाकीचं.

तुमच्याकडे बर्फ पडत नाही म्हटलं तर नुसतं डिस्टिल्ड पाणी आणि गंजरोधक द्रव पुरतो. आम्हाला निम्मं ग्लायकॉल (पाणी गोठू न देणारं द्रव) घालावंच लागतं आणि त्याने उष्णता वाहायची ताकद घटते. अर्थात ह्यूस्टनलाही अधूनमधून पाइप फुटतील असा गारठा येतो, तेव्हा डिसेंबरच्या आत थोडं ग्लायकॉल घाला किंवा पाणी काढून ठेवा. कूलर फुटला तर पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं.

ट्रॅफिकमध्ये वारा नसतो, म्हणून पुढच्या रेडिएटरला स्वतःचा पंखा द्या. पंप अधिक पंखा अधिक इंजेक्शन झालं की जुना अल्टरनेटर धापा टाकतो. १९६९ च्या कॅमारोला साधा अल्टरनेटर ३७ अँपियरचा यायचा. शंभरच्या वरचा घाला, जाड वायर आणि रिले वापरा, डॅशमधल्या जुन्या फ्यूज बॉक्सवर हा भार टाकू नका. ड्रॅग स्ट्रिपवर दोन धावांच्या मध्ये इंजिन बंद ठेवून पंप आणि पंखा चालू राहील असं वेगळं बटण द्या. डॉजने २०१८ च्या डीमनमध्ये हेच कारखान्यातून दिलं होतं, वर एसीचा गारवाही इंटरकूलरच्या पाण्याकडे वळवला होता.

आणि बर्फ. डिकीत मोठी टाकी, त्यात बर्फ, हा ड्रॅगवाल्यांचा लाडका उपाय. पाव मैल तुम्ही बारा सेकंदांत कापलंत तर एकूण उष्णता २३० किलोज्यूलच्या आत, म्हणजे एक किलो बर्फसुद्धा पुरा वितळत नाही. दहा किलोची पिशवी टाकली तर दिवस निघतो. पण तीच टाकी घेऊन हायवेवर पाय दाबून ठेवलात तर दहा किलो बर्फ तीन मिनिटांत संपतो, मग तुम्ही वीस-तीस किलो कोमट पाणी डिकीत घेऊन फिरता. वर्षातून दोनदा स्ट्रिपवर जाणाऱ्याने टाकीला दोन झडपा लावाव्यात, त्या दिवशी जोडायची, एरवी चक्राबाहेर.

मेहुण्याचा फवारा. याची मी थट्टा करत नाही. एक किलो पाण्याची वाफ व्हायला २,२५७ किलोज्यूल लागतात, म्हणजे ते १९ किलोवॉट मिनिटाला अर्ध्या लिटर पाण्यात बसतात. निदान कागदावर. आपला माठ याच तत्त्वावर चालतो. तुम्ही विचाराल की ह्यूस्टनच्या दमट हवेत माठ गार होत नाही, मग फवारा कसा होईल? माठाभोवतीची हवा तीस-पस्तीस अंशांची आणि आधीच भरलेली असते. ब्लोअरनंतरची हवा शंभरच्या घरात असते, तिच्यात वाफेला भरपूर जागा असते. म्हणून मुंबईत जो माठ रुसतो तो इथे काम करतो. पाण्यात निम्मं मिथेनॉल मिसळलं की गोठायची भीती जाते, इंधनही मिळतं आणि मिश्रणाची नॉक सोसायची ताकदही वाढते.

१९६२ ची ओल्ड्समोबिल जेटफायर हे या उपायाचं सगळ्यात बोलकं उदाहरण. २१५ क्युबिक इंचांचं ॲल्युमिनियमचं व्ही-८, टर्बो आणि त्या काळातही १०.२५ चं कॉम्प्रेशन (सिलिंडर मिश्रण किती पट आवळतो तो आकडा). नॉक होऊ नये म्हणून बाटलीतून डिस्टिल्ड पाणी-मिथेनॉलचा फवारा, कंपनीने त्याला टर्बो-रॉकेट फ्लुइड असं झोकदार नाव दिलं होतं. यंत्रणा हुशार होती. बाटली संपली की बूस्ट आपोआप घटायचा. पण लोक बाटली भरायलाच विसरायचे, गाडी मंद झाली म्हणून कुरकुरायचे आणि पुढे कितीतरी गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवला गेला. साठ वर्षं झाली, माणसं तीच आहेत. फवाऱ्याच्या भरवशावर टायमिंग पुढे घेतलेलं, टाकी रिकामी आणि मागच्या सीटवर "जरा दाब ना" म्हणणारा मित्र, एवढ्यावर हेड गॅसकेट जातं. म्हणून फवारा लावायचा तर टाकीची पातळी आणि नळीतला प्रवाह, दोन्हींवर सेन्सर, आणि त्यातला एक जरी बोंबलला तरी इग्निशन बॉक्स टायमिंग मागे खेचेल अशी जोडणी. नॉझल ब्लोअरच्या वर, कार्ब्युरेटरखालच्या प्लेटमध्ये असेल तर रोटरही निवतात. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची ज्योत उन्हात दिसत नाही. बाटली गॅरेजमध्ये पोरांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा.

आता तुमची गाडी. तुम्ही कॉम्प्रेशन लिहिलेलं नाही आणि मला सगळ्यात आधी तेच हवं आहे. १९६९ चं ३०० हॉर्सपॉवरवालं ३५० असेल आणि आतून उघडलेलं नसेल, तर तेही १०.२५ चं आहे. ओतीव लोखंडी हेड, टेक्सासच्या पंपावरचं ९३ ऑक्टेनचं पेट्रोल आणि त्यावर आठ पौंड, हे कुठल्याही कूलरने झाकलं जात नाही. पिस्टन बदलून आठ ते साडेआठवर आणा. कूलरचे पैसे आधी तिथे जाऊ द्या.

ते झालं असेल तर ६-७१, दोन कार्ब्युरेटर, खाली कूलर नाही, बूस्ट आठ नको, सहा. बॉनेटबाहेरची हवा तुम्हाला आपोआप मिळते हा या बेताचा मोठा फायदा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? बॉनेटखालची ६० अंशांची हवा ओढणारा ब्लोअर तीच हवा १४० वर सोडतो आणि मग लोक कूलरला शिव्या घालतात. तुमचं ते होणार नाही. टायमिंग बूस्टच्या पौंडाला साधारण एक अंश मागे घेऊन सुरुवात करा. मेहुण्याचा फवारा विम्यासारखा लावा, म्हणजे तो बंद असतानाही इंजिन सुरक्षित चालेल असं ट्यूनिंग आधी करून घ्या आणि फवारा चालू झाल्यावर त्याला एकही अंश जास्त देऊ नका. रविवारच्या फेरीला आणि स्ट्रिपवरच्या दोन वाऱ्यांना एवढं पुरे होतं. शिवाय ब्लोअर दिसतोही, आणि खरं सांगा, निम्मा खर्च त्यासाठीच आहे.

आठ-दहा पौंड हवेच असतील आणि ऑगस्टच्या दुपारी एसी लावून बायकोबरोबर गॅल्व्हेस्टनला जायचं असेल, तर ६-७१ चा मोह सोडा. पोटात कूलर असलेला आधुनिक ब्लोअर, पोर्ट इंजेक्शन आणि पाण्याचं चक्र हा रस्ता धरा. एसीचा कंडेन्सर, कूलरचा रेडिएटर आणि इंजिनाचा रेडिएटर अशी तीन थरांची भिंत पुढे उभी राहते, तेव्हा जुना तांब्या-पितळेचा रेडिएटर काढून दोन जाड रांगांचा ॲल्युमिनियमचा घाला आणि पंख्याला पूर्ण आवरण द्या. तिसरा मार्ग, सेंट्रिफ्युगल आणि हवेचा कूलर, हा खर्चात मधला आणि हायवेवर सगळ्यात गार. पण त्याचा बूस्ट फेऱ्यांबरोबर चढतो, सिग्नलवरून निघताना जुन्या मसल कारचा जो धक्का पाठीला बसायला हवा तो त्यात मिळत नाही. मला स्वतःला तो आवडत नाही, हे माझं मत समजा.

कॉम्प्रेशन कळवा, कॅमशाफ्टचं कार्ड असेल तर त्याचा फोटो पाठवा आणि डिस्ट्रिब्युटर मूळचा पॉइंटवाला आहे की बदललाय तेही लिहा. मग पुलीचं माप सांगतो.